पेटी एकच, फोटो दोन

शाळेचे ग्रंथपाल अन्वर सर तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धुळ्याला गेले आणि इकडे त्यांची पेटी पळाली.

पेटी तशी साधी. पत्र्याची, लाल रंगाची, वर चिठ्ठी टाकायला फट आणि पुढे छोटं कुलूप. साक्रीहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या बाजाराच्या गावात आठवी ते दहावीची शाळा, आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या दारावर ही पेटी. मुलांनी पुस्तकांबद्दल काय वाटेल ते विचारायचं, सुचवायचं, नाव लिहायचं नाही. शनिवारी सर पेटी उघडायचे आणि दाराशेजारच्या फळ्यावर उत्तरं लिहायचे.

फळ्यापुढे गर्दी व्हायची. पुस्तकांपुढे होत नव्हती, पण सर म्हणायचे, सुरुवात कुठून तरी व्हायला पाहिजे.

प्रश्न : ग्रंथालयात पंखा का नाही?
उत्तर : पंखा आहे. वीज नाही. वीज येते तेव्हा आपण घरी असतो.

सूचना : पुस्तकं फार उंचावर आहेत, खाली ठेवा.
उत्तर : ठेवली. आता उंच मुलांची सूचना आली आहे की वाकावं लागतं.

प्रश्न : साप दूध पितो का?
उत्तर : नाही. वाटी कोण रिकामी करतं ते मांजरीला विचारा.

प्रश्न : सर, तुमचं लग्न झालं आहे का?
उत्तर : हो. पुस्तकांविषयी विचारा.

पावसाळ्याच्या शेवटी एक चिठ्ठी आली, तिचं उत्तर मात्र सरांना फळ्यावर लिहिता येईना. शिसपेन्सिलीने, कागद फाटेल एवढ्या जोराने लिहिलेली. ‘मला नीट वाचता येत नाही. आठवीत आहे. लहान पोरांचं पुस्तक घेतलं तर बाकीच्या हसतात. काय करू.’

सर ती चिठ्ठी घेऊन बराच वेळ बसले. आदल्या वर्षीचा तेरसिंग त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. डोंगरातल्या पाड्यावरचा पोरगा, डोक्याने तल्लख. प्रार्थनेला सुविचार वाचायला उभा केला, मधेच अडला, सगळं मैदान हसलं. सोमवारी तो शाळेत आला नाही. नंतर कळलं, गुजरातेत ऊसतोडीला गेला.

मग सरांनी पहिलीचं मोठ्या अक्षरांचं पुस्तक घेतलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि वर ठसठशीत नाव टाकलं : ‘पर्यावरण : समस्या व उपाय’. दुसरं कोणी चुकूनही हात लावणार नाही याची खात्री झाली. फळ्यावर एवढंच लिहिलं, ‘पेन्सिलीच्या चिठ्ठीला उत्तर : खालची फळी, नकाशांच्या मागे. इथल्या चिठ्ठ्या माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.’

दोन दिवसांनी आठवीतली रुपली ‘पर्यावरण’ दप्तरात घालताना दिसली. रुपली वसतिगृहात राहायची. घरची बोली वेगळी, वर्गात तोंड उघडायची नाही, वाचायला उभी केली की पायाच्या अंगठ्याकडे बघायची. सरांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तर हे सर धुळ्याला गेले, आणि वरून निरोप आला की शाळेत तक्रार पेटी लावल्याचा फोटो, जागेच्या खुणेसकट, आजच्या आज मोबाइलवरून चढवा.

मुख्याध्यापक भदाणे सर तसे दुष्ट नव्हते. त्यांना फक्त फोटोची भीती वाटायची. माणूस समोर उभा राहून ओरडला तर ते त्याला चहा पाजून घालवायचे. पण ‘फोटो अप्राप्त’ असा निरोप आला की रक्तदाब वाढायचा. मागे वाचनाचे फोटो मागवले होते तेव्हा तिन्ही वर्गांच्या फोटोत एकच हुशार पोरगी धडाधडा वाचत होती, फक्त रिबिनींचा रंग वेगळा. खाली लिहिलेलं, ‘शंभर टक्के विद्यार्थी अस्खलित वाचतात.’

शाळेला खरी तक्रार पेटी होती. पण तिच्यात बरेच दिवस खिचडीचं मीठ ठेवलेलं. मिठाने तिचा तळ खाल्ला होता, आणि उचलली की ती खालून तक्रार करायची. शेवटी भदाणे सर शिपायाला म्हणाले, “पुना आबा, अन्वर सरांची पेटी काढा. कागद डकवा, ‘तक्रार पेटी’. ऑफिसच्या भिंतीला टांगा. फोटो झाला की परत जागेवर.”

पुना आबांनी कागद डकवला, फोटो चढला. मग कागद काढायला गेले तर निघेना. पंक्चरवाल्याकडून आणलेलं सोल्युशन लावलेलं. नखाने खरवडून पाहिलं, पाणी मारून पाहिलं. कागदाबरोबर रंगच निघायला लागला, तेव्हा भदाणे सर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. अन्वर सर आले की बघतील.”

मुलांनी काय करावं? मुलांना पेटी ओळखीची. वर कागद कोणता, हे कोण बघतो? सरांनी जागा बदलली असेल, एवढंच त्यांनी धरलं आणि उरलेल्या आठवड्याचे प्रश्न मुकाट्याने ऑफिसच्या भिंतीवर नेऊन टाकले.

शनिवारी सकाळची शाळा. अन्वर सर पहाटेच्या एसटीने आले आणि फाटकातच थबकले. व्हरांड्यात टेबल, टेबलावर फुलाफुलांची चादर, चादरीवर त्यांची पेटी. एका बाजूला भदाणे सर. दुसऱ्या बाजूला शाळा समितीच्या अध्यक्ष सुगंधाबाई, डोक्यावरचा पदर सावरत. मधे पोलीस ठाण्यातून आलेले हवालदार रुपचंद, टोपी काढून, रजिस्टर उघडून. आणि पुना आबा हातात हातोडा घेऊन कुलपावर नेम धरत होते.

“थांबा!” सर पळत आले. “किल्ली माझ्याकडे आहे!”

“मग द्या ना,” हवालदार म्हणाले. “तक्रार पेटी समितीसमोर आणि आमच्यासमोर उघडायची असा नियम आहे. फोटो आला, म्हणून मी आलो.”

“साहेब, ही तक्रार पेटी नाही. ही ग्रंथालयाची पेटी आहे. मुलं पुस्तकांबद्दल लिहितात यात. मी त्यांना शब्द दिलाय की दुसरं कोणी वाचणार नाही.”

भदाणे सरांनी त्यांना कोपराला धरून खांबाआड नेलं. “अहो, हळू! फोटो चढलाय. आता ही तक्रार पेटीच आहे.”

“पण सर, आहे ती ग्रंथालयाचीच.”

“ती तुमच्या-माझ्यासाठी. वरती ती तक्रार पेटी आहे. नाही म्हटलं तर मी खोटा फोटो टाकला असं होईल. माझी पेन्शन दीड वर्षावर आलीय, अन्वरभाऊ.”

तिकडे पुना आबांनी हातोडा पुन्हा उचलला. पेटी फुटण्यापेक्षा उघडलेली बरी, चिठ्ठ्या निदान आपल्या हाताने काढता येतील, असा विचार करून सरांनी किल्ली दिली. तो विचार काही कामी आला नाही. हवालदारांनी पेटी सरळ चादरीवर उलटी केली.

चिठ्ठ्यांचा ढीग पडला. सुगंधाबाईंनी हनुवटीला हात लावला. “ओ माय! इतल्या? पोरेसना मनमा इतलं भरेल शे?”

“जिल्ह्यात कुठल्याच शाळेत एवढ्या तक्रारी नाहीत,” हवालदार म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आदर होता. भदाणे सरांनी रुमाल काढला.

तोवर प्रार्थना संपून मैदानातल्या ओळी मोडल्या होत्या आणि मुलं व्हरांड्याच्या कठड्याला चिकटली होती. अन्वर सरांची नजर आधी रुपलीला शोधू लागली. ती आठवीच्या घोळक्यात मागे उभी होती. तिने पेटी बघितली, चिठ्ठ्यांचा ढीग बघितला, आणि मान खाली घातली. सर समजले. ढिगात तिची चिठ्ठी आहे.

हवालदारांनी पहिली चिठ्ठी उचलून, चोरीची फिर्याद वाचतात त्या आवाजात वाचली. “‘सर, खून कोणी केला? शेवटची पानं कोणीतरी फाडली आहेत. तुम्हाला माहीत आहे पण तुम्ही सांगत नाही.’”



“रहस्यकथा आहे हो, साहेब,” अन्वर सर म्हणाले. “पुस्तकातला खून.”

“ते कळलं मला. मीही वाचतो.” हवालदार जरा दुखावले. “पण या पेटीतून निघाली ना? मग नोंद होणार. कॉलम कोरा सोडता येत नाही. तक्रारीचं स्वरूप, खून. आरोपी?”

“साहेब, अहो...”

“आरोपी?”

“हॉटेलचा मॅनेजर,” सर वैतागून म्हणाले.

कठड्यावरून एकदम मोठा हुंदका यावा तसा आवाज आला. त्या पुस्तकासाठी अर्धी शाळा नंबर लावून बसली होती. “सऽऽर!” नववीतला हसीब कपाळावर हात मारून ओरडला. “माझा नंबर पुढचा होता! का सांगितलं?”

“मॅनेजरनी मारा?” सुगंधाबाई पुढे सरकल्या. “कसाले पन?”

“ते नंतर, अक्का,” हवालदार म्हणाले आणि लिहिलं : आरोपी निष्पन्न, पत्ता अपूर्ण.

दुसरी चिठ्ठी. “‘भुतांना कुलपातल्या कपाटात का कोंडलं? आम्ही भीत नाही.’” हवालदारांनी लिहिलं : कोंडून ठेवणे. सुगंधाबाई म्हणाल्या, “सोडी द्या ना भाऊ त्यासले. पोरे भेतस नही म्हनतस ना.”

तिसरी. “‘मुख्याध्यापक सर ग्रंथालयात पेपर वाचता वाचता घोरतात. आमचं ध्यान जातं. सूचना : त्यांना पेपर घरी द्यावा.’”

“पुढची घ्या,” भदाणे सर म्हणाले.

“स्वरूप, निद्रा,” हवालदार लिहिता लिहिता पुटपुटले. “आरोपी...”

“पुढची घ्या म्हटलं ना!” आणि भदाणे सरांनी स्वतःच ढिगात हात घालून एक चिठ्ठी ओढली, मोठ्याने वाचायला लागले. “‘सर, ते पुस्तक निम्मं झालं. जोड अक्षर आलं की गाडी अडते. पुढचं कुठे ठेवलं.’”

पेन्सिलीची, कागद फाटेल एवढ्या जोराने लिहिलेली.

भदाणे सरांनी ती पुन्हा एकदा मनात वाचली. मग चेहऱ्याचा रंग बदलला. “जोडाक्षर अडतं? कोणाचं अडतं? आपली शाळा आठवी ते दहावी! शंभर टक्के वाचतात म्हणून मी लिहून दिलंय!”

“मग तर ही खरी तक्रार आहे,” हवालदार सरळ बसले. इतका वेळ त्यांना खून आणि भुतांवर समाधान मानावं लागलं होतं. “शाळेविरुद्ध. तक्रारदाराचं नाव?”

“साहेब, नाव न लिहिण्याची अट आहे पेटीला,” अन्वर सर म्हणाले.

“तुमच्या पेटीला असेल. माझ्या रजिस्टरला कॉलम आहे.”

“मी काढतो शोधून,” भदाणे सर उठले. घाबरलेला माणूस किती चपळ होतो ते त्या दिवशी शाळेने पाहिलं. “आठवीपासून सुरू करू. पुना आबा, पोरांना मैदानात ओळीत बसवा. एकेकाच्या हातात पेन्सिल द्या. हेच वाक्य सगळ्यांना लिहायला लावतो. अक्षर जुळलं की सापडलं.”

“हस्ताक्षराचा नमुना,” हवालदार समाधानाने म्हणाले. “बरोबर आहे.”

आठवी बसली. हसायलाही सुरुवात झाली होती. कोण रे तो, कोणाची गाडी अडते, तुझी का, तुझ्या बापाची. रुपली ओळीच्या टोकाला बसली. पुना आबांनी दिलेली पेन्सिल तिने हातात धरली होती, पण नजर फाटकाकडे होती. फाटकाबाहेर डोंगराकडे जाणारी काळीपिवळी जीप माणसं भरत होती.

अन्वर सरांनी ती नजर पाहिली. सोमवारी कोण येणार नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

“सर,” ते म्हणाले. “चिठ्ठी माझी आहे.”

भदाणे सर पायरीवर एक पाय ठेवून थांबले. “काय?”

“माझी आहे. मीच लिहिली.”

“तुमची गाडी अडते? ग्रंथपालाची?”

“चौथीपर्यंत नशिराबादला उर्दू शाळेत होतो मी. वडील पिंजारी, गाद्या भरायचे. मराठी उशिरा सुरू झालं. जोडाक्षर अजून अडतं.” यातलं पहिलं सगळं खरं होतं. पाचवीपासून मराठीत शिकून त्यांनी ग्रंथपालाची पदवी पहिल्या वर्गात घेतली, तेवढं ते बोलले नाहीत.

“पण अक्षर तुमचं नाही हे!”

“डाव्या हाताने लिहिलं. लाज वाटते ना, सर.”

“आणि ‘सर’ कोणाला लिहिलंय? स्वतःलाच?”

“तुम्हाला लिहिलंय. तक्रार पेटी ना ही?”

मैदानात एकच हशा पिकला. अन्वर सर! ज्यांच्या फळ्यावर सापापासून चंद्रापर्यंत सगळ्याची उत्तरं असायची ते! हसीब तर कठड्यावरून पडायचाच बाकी राहिला. सरांचे कान लाल झाले. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं ते हसणं. तेरसिंगला किती लागलं असेल, हे त्यांना आज नीट कळलं.

हवालदार पेन हातात धरून सरांच्या तोंडाकडे बघत होते. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या, खऱ्या आणि खोट्या. “नक्की का, सर?” त्यांनी हळू विचारलं. “एकदा लिहिलं की खोडता येत नाही.”

“लिहा.”

“लिखा ना भाऊ,” सुगंधाबाई मधेच ठासून बोलल्या. त्या केव्हाच्या मैदानातल्या त्या टोकाच्या पोरीकडे बघत होत्या. “लाजनी बात कोनी उगाच आपला आंगवर लेस का? आन माले बी नही येत वाचता. सही तेवढी येस. मन्हंबी नाव टाका खाले.”

भदाणे सरांच्या डोक्यात आता वेगळंच चक्र फिरायला लागलं होतं. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं आणि चेहरा उजळला. “अहो, शंभर टक्के *विद्यार्थी* वाचतात असं लिहिलंय मी. ग्रंथपाल विद्यार्थ्यांत धरत नाहीत. समितीही धरत नाहीत! शंभर टक्के शाबूत आहे!” आणि त्यांनी आठवीला हात केला. “उठा रे, वर्गात जा. पेन्सिली परत करा.”

राहिला शेवटचा कॉलम. केलेली कार्यवाही. तो कोरा सोडता येत नव्हता. खूप विचार करून ठरलं ते असं : ग्रंथपालांनी रोज शेवटच्या तासाला ग्रंथालयात बसून वाचनाचा सराव करावा, आणि शाळेत शिक्षक कमी असल्याने अस्खलित वाचणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यांना शिकवावं. विद्यार्थी कोणताही चालेल. कागदोपत्री सगळेच अस्खलित होते.

सोमवारी शेवटचा तास झाला. अन्वर सर ग्रंथालयात एकटे बसले होते. समोर खुर्ची रिकामी. दारातून मुलं डोकावून जात होती. “सर, क वर क ठेवला की क्क होतो बरं का!” सर म्हणाले, “आभारी आहे.” वसतिगृहाच्या हजेरीत रुपली आहे की नाही, हे विचारायचा त्यांना सकाळपासून धीर झाला नव्हता.

आधी सुगंधाबाई आल्या. चष्म्याची डबी घेऊन. “एकलाले कसं बसाडानं सरले,” म्हणाल्या आणि ऐसपैस टेकल्या.

मग दारात सावली पडली. रुपली आत आली, कोणाकडे न बघता खुर्चीवर बसली आणि दप्तरातून ‘पर्यावरण : समस्या व उपाय’ काढलं. पान उघडून बोट ठेवलं आणि खालच्या मानेने म्हणाली, “इथून वाचायचं, सर.”

“तू वाच आधी,” सर म्हणाले. “मी मागून म्हणतो.”

तिने वाचलं. मांजर आलं, उंदीर पळाला, इथवर सरळ गेलं. पुढे ‘रस्त्यावर’ आलं. ती थांबली. सर थांबले. सुगंधाबाईंनी चष्मा पुसला.

“मला पण नाही येत हे,” सर म्हणाले. “काय काय दिसतंय त्यात?”

“स दिसतो. अर्धा.”

“मग?”

“त. तोही अर्धा. मग य. काना.” तिने ओठ हलवून पाहिले. “रस्... त्या... वर.”

“रस्त्यावर,” सर म्हणाले.

“रस्तावर,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“त्या, अक्का. त्या.” रुपली म्हणाली, आणि आपण एका मोठ्या बाईची चूक काढली हे लक्षात येऊन स्वतःच दचकली.

आठ दिवसांनी कार्यवाहीचा फोटो मागवला गेला. भदाणे सर मोबाइल घेऊन धावत आले. “सर, तुम्ही अडलेले दिसा जरा. अक्का, पुस्तकात बघा. पोरी, बोट ठेव आणि बोल काहीतरी.” फोटो निघाला, चढला. भदाणे सरांना हायसं वाटलं. जाता जाता दारात थांबून त्यांनी वही काढली. “आणि हो, शेरा लिहायचा राहिला. काय गं, सरांची काही सुधारणा?”

अन्वर सर पुस्तकात बघत राहिले. रुपलीने मान वर केली, मुख्याध्यापकांकडे सरळ बघितलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

“आहे थोडी. पण जोडाक्षर अजून कच्चं आहे, सर. दहावीपर्यंत बसावं लागेल त्यांना.”